1977 मध्ये काँग्रेसची तीस वर्षांची सत्ता गेली, तो दिवस तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का?

हो, पाहिलाय. नागपुरात, महाल भागात. मी तेव्हा सातवीत होतो.

आणीबाणीत आमचे काका मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होते. जुलै 1975 मध्ये संघावर बंदी आली आणि त्यांना रात्री घरातून उचलून नेलं. खटला नाही, जामीन नाही. जानेवारी 1977 मध्ये इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली, त्यानंतर ते सुटून आले. खूप वाळले होते.

आमची आजी तोवर दर वेळी काँग्रेसलाच मत देत आलेली. निशाणी गाय-वासरू, कागदावर गाय दिसली की आधी हात जोडायची. जनता पक्षाचे उमेदवार लोकदलाच्या निशाणीवर उभे होते, चक्रात नांगर घेतलेला शेतकरी. काकांनी तिला तो पाटीवर काढून दाखवला. मत देऊन आल्यावर मात्र तिनं बोटाची शाई तेवढी दाखवली. कोणाला दिलं, ते विचारूनही सांगेना.

20 मार्चच्या रात्री मी काकांबरोबर एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर उभा होतो. बाहेर फळा लावलेला. एक माणूस खडूनं आकडे लिहायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी उत्तर प्रदेशात काँग्रेसला 85 पैकी एकही जागा मिळाली नाही, बिहारमध्ये 54 पैकी एकही नाही. त्या रात्री रायबरेलीत इंदिराबाईंविरुद्ध राजनारायण पंचावन्न हजारांवर मतांनी जिंकले. "बाई पडली नं बाप्पा!" असं कोणीतरी ओरडलं आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. काका नुसते फळ्याकडे बघत उभे होते. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला.

पण एक गोष्ट आजकाल कोणी सांगत नाही. संघाचं मुख्यालय असलेल्या आमच्या नागपुरातून त्या निवडणुकीत काँग्रेसचेच गेव्ह आवारी निवडून आले. आंध्रातही 42 पैकी 41 जागा काँग्रेसला मिळाल्या. उत्तरेत नसबंदीची जबरदस्ती घराघरात शिरली होती. आमच्याकडे ज्यांचं माणूस आत होतं त्यांनाच आणीबाणी खरी टोचली. बाकीचे गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश होते. म्हणून 'सगळा देश पेटून उठला' हे मला पटत नाही. अर्धा देश उठला, तेवढ्यानं सत्ता गेली. जनता पक्षाला 295 जागा, काँग्रेसला 154.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पोहे परतत होती. नागपूरची जागा गेली म्हणून काका गप्प बसलेले. तिनं त्यांच्यासमोर बशी ठेवली आणि हळूच म्हणाली, "मी गाईले नमस्कार केला, अन् शिक्का शेतकऱ्यावर मारला."

तुरुंगातून आल्यापासून काका पहिल्यांदाच रडले.