पहिलं रिगिंग किट: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

चढायचं सामान तुमच्याकडे आहे, आजवर फांद्या मोकळ्या जागेतच सोडत आलात. आता छपरावर आणि कुंपणावर झुकलेली झाडं येऊ लागली म्हणून कमी खर्चातलं रिगिंग, म्हणजे कापलेला तुकडा दोराला बांधून सावकाश खाली सोडायचं सामान हवंय. तयार किट घ्यावं की सुटे भाग, आणि दोर 13 मिमीचा की 16 चा, असं तुम्ही विचारलंत.

दोराच्या जाडीआधी एक आकडा ठरवा. दोरावर सोडायचा सगळ्यात जड तुकडा किती किलोचा असेल? बहुतेक जण सामान घेतात आणि मग झाडाकडे बघून तुकडा कापतात. कमी पैशांत हे उलटं करावं लागतं. परवडेल ते चांगलं सामान घ्यायचं आणि तुकडा त्याच्या मापाचा कापायचा. लहान तुकडे कापायला वेळ जातो, पण पैसे वाचतात ते तिथेच.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी लावू नका. ओलं लाकूड जातीनुसार कमी-जास्त असलं तरी घनमीटरला 1000 किलो धरून चाला. त्या हिशेबाने 30 सेंमी जाडीचा एक मीटर ओंडका 70 किलोच्या आसपास जातो, 40 सेंमीचा 125 किलो आणि 60 सेंमीचा थेट 280 किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं. झाडावर बसलेल्या माणसाला ते दुप्पटच वाटत राहतं, आणि घोळ तिथेच होतो.

आता दोर. सुरुवातीला 13 मिमीच्या आसपासचा पॉलिएस्टरचा दोर घ्या. चांगल्या बनावटीच्या अशा दोराची तुटण्याची ताकद चार हजार किलोच्या घरात असते. झटके बसणाऱ्या कामात त्याचा दहावा भागच वापरायचा, म्हणजे 400 किलो. गाठ मारली की ताकदीचा चौथा-तिसरा हिस्सा जातो, झिजेने आणखी थोडा. दहापटीची राखीव ताकद ठेवायची ती यासाठीच, तिच्यावर डोळा ठेवून तुकडे मोठे करू नका.

400 किलो ऐकायला भरपूर वाटतात, म्हणून दोन कामं वेगळी ओळखा. ब्लॉक (दोर ज्याच्यावरून वळतो ती झाडाला बांधलेली कप्पी) वर आणि फांदी त्याच्या खाली असेल, कापण्याआधीच दोर ताणून घेतला असेल, तर फांदी सुटल्यावर दोरावर जवळपास तिच्या वजनाएवढाच भार येतो. साध्या किटचं खरं काम हेच. शेंडा उतरवून झाला आणि नुसतं खोड उरलं की चित्र पालटतं. तिथे ब्लॉक कापाच्या खाली बांधावा लागतो. तुकडा आधी मोकळा पडतो आणि मग दोर त्याला धरतो. जमिनीवरून दोर धरणाऱ्या खालच्या माणसाने तो घट्ट अडवला तर झटका वजनाच्या कित्येक पट होतो. सहापट धरली तर तो 70 किलोचा ओंडका 420 किलोचा झटका देतो, आणि तुमची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. म्हणून खोडाच्या कामात तुकडे आखूड ठेवा, स्लिंग (ब्लॉक झाडाला बांधायचा आखूड दोर) कापाच्या शक्य तितक्या जवळ बांधा आणि दोर धावू द्या. धावत्या दोराला हळूहळू आवळत आणलं की झटका मोडतो. त्यासाठी खाली मोकळी उंची लागते. ती नसेल तर तुकडा अजून लहान करा.

पॉलिएस्टरच का, तर तो कमी ताणतो, घासायला टिकतो आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर या कामाला अजिबात घेऊ नका. तो 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर 250 च्या पुढे. धातूवर वेढे घेऊन भार धावला की दोर किती तापतो ते हातमोज्यातूनही कळतं. नायलॉन जास्त ताणतो आणि भिजला की ताकद घटते. विणीकडेही बघा. ब्लॉकमधून चालवायचा असेल तर दुहेरी विणीचा दोर उत्तम. पण फांदीच्या बेचक्यातून तसाच ओढायचा असेल तर तो वापरू नका. खरबरीत सालीवर बाहेरचं आवरण अडतं, आतला गाभा पुढे सरकतो आणि भार दोघांत सारखा वाटला जात नाही. तिथे तीन पिळांचा किंवा 16 पदरी दोर बरा.

लांबी झाडाच्या उंचीच्या दुप्पट, वर वेढ्यांसाठी आणि धरायला काही मीटर. 18 मीटरच्या झाडाला 45 मीटर पुरतो. आणि चढायचा दोर रिगिंगला किंवा रिगिंगचा दोर चढायला, हे कधीही नाही. दोघांचे रंग वेगळे ठेवा म्हणजे घाईत हात चुकणार नाही.

ब्लॉक आणि स्लिंगबाबत काटकसर करू नका, कारण इथला हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोर ब्लॉकवरून वळून खाली आला की ब्लॉकला दोन्ही बाजू ओढतात. एका बाजूला 400 किलो असतील तर ब्लॉकवर, त्याच्या स्लिंगवर आणि झाडाच्या त्या जागेवर 800 किलोच्या जवळपास भार येतो. घर्षणाने थोडा कमी होतो, पण धरताना दुप्पटच धरा. म्हणून दोर 13 मिमीचा असेल तर स्लिंग 16 ते 19 मिमीची घ्या. संपूर्ण जोडणीत सगळ्यात कमजोर भाग दोरच असला पाहिजे. दोर तुटला तर तुकडा जातो. स्लिंग तुटली तर तुकड्यामागे ब्लॉकही सुटतो, आणि वर तुम्ही असता.

पहिली स्लिंग एका टोकाला डोळा, म्हणजे पक्का विणलेला फासा असलेली साधी घ्या, ती लांबी बदलता येणाऱ्या स्लिंगपेक्षा स्वस्तही पडते आणि मजबूतही असते. लांबी खोडावरून काढा. 50 सेंमी जाडीच्या खोडाला एक वेढा म्हणजे जवळजवळ 1.6 मीटर. स्लिंग खोडाला बांधायच्या काऊ हिच गाठीला दोन वेढे आणि वर शेपूट लागते, तेव्हा पाच मीटरच्या खाली जाऊ नका.

ब्लॉक झाडकामाचाच हवा, ज्याच्यात दोराचं मोठं चाक फिरतं आणि स्लिंगसाठी वेगळा जाड आधार असतो. बांधकामाच्या दुकानातली कप्पी, जिच्यावर कामाचा भार (सुरक्षितपणे किती पेलेल तो आकडा) कोरलेला नाही, ती झटक्याच्या कामाला घेऊ नका. ब्लॉक परवडत नसेल तर त्याच्या खालोखाल स्लिंगमध्ये बसवलेली रिगिंग रिंग, म्हणजे दोर जिच्यातून सरकतो ती धातूची गुळगुळीत कडी. तिच्यात हलणारा भाग नाही, वजन कमी, आणि घर्षण जास्त असल्याने खालच्या माणसावर ताण कमी येतो. पण त्याच घर्षणामुळे हलकी फांदी अडते आणि दोर वर ओढून घेणं जड जातं. माझं मत विचाराल तर फांद्यांचं काम जास्त असणाऱ्याने आधी रिंगच घ्यावी आणि ब्लॉकचे पैसे खालच्या उपकरणात घालावेत.

ते उपकरण म्हणजे पोर्ट-अ-रॅप, बुंध्याला बांधायची धातूची नळी, जिच्यावर दोराचे वेढे घेऊन भार धरतात. एकच वस्तू मनापासून सुचवायची तर मी हीच सुचवेन. दोर खोडाला गुंडाळूनही भार धरता येतो, फुकटात. पण वेढे घालायला-काढायला वेळ जातो, खोड प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि राखायचं झाड असेल तर साल सोलवटते. पोर्ट-अ-रॅपवर घर्षण रोज सारखं मिळतं. हलक्या फांदीला एक-दोन वेढे, जड तुकड्याला तीन-चार, आणि चार दिवसांत खालच्या माणसाचा हात बसतो. वेढे कमी पडले तर दोर हातातून निसटतो, जास्त झाले तर तुकडा धावत नाही आणि पूर्ण झटका वर येतो. म्हणून दिवसाची सुरुवात लहान फांद्यांनी करा. घेताना नळी दोराच्या जाडीच्या निदान चौपट आहे ना ते बघा आणि त्याच्यासाठीही स्वतंत्र स्लिंग घ्या.

तयार किटबद्दल इतकंच सांगतो, नावावर जाऊ नका, प्रत्येक भागाची पट्टी वाचा. किटमध्ये दोर बरा आणि स्लिंग बारीक, असं पुष्कळदा दिसतं. अॅल्युमिनियमची कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) दिली असेल तर ती सामान वर ओढायला ठेवा. तुकडा बांधायला तिची गरजच नाही. सरकत्या बोलाइनची गाठ आणि तिच्या आधी एक अर्धी अढी, एवढ्याने ओंडका पक्का धरला जातो. आडवा भार बसून कॅराबिनर मोडायची भीतीही राहत नाही.

जुनं सामान मिळत असेल तर धातूच्या वस्तू तपासून घ्यायला हरकत नाही. चाक मोकळं फिरतंय का, खाचा-भेगा आहेत का, कामाचा भार वाचता येतो का, ते बघा. जुना दोर आणि जुनी स्लिंग मात्र नको. त्यांनी किती झटके खाल्ले ते बाहेरून दिसत नाही.

खालच्या माणसाला हेल्मेट आणि हातमोजे याच खर्चात धरा. त्याने दोर हाताला गुंडाळू नये, सुटलेल्या दोराच्या वेटोळ्यात उभं राहू नये आणि तुकडा पडायच्या जागेबाहेर राहावं, हे पहिल्या दिवसापासून. तुम्ही करवत लावण्याआधी त्याचं "तयार" ऐकू आलंच पाहिजे.

तुमच्या 13 की 16 ला माझं उत्तर 13 आहे. 16 चा दोर घेतला की ब्लॉक, स्लिंग, पोर्ट-अ-रॅप सगळंच एक माप वर घ्यावं लागतं, आणि ते न करता नुसता दोर जाड घेतला तर सगळ्यात कमजोर भाग दोर राहत नाही. पोकळलेल्या, बुरशी धरलेल्या किंवा वाळलेल्या झाडावर यातलं काहीही वापरू नका. तिथे दोराआधी झाडच मोडतं.

झाडांच्या खोडाची साधारण जाडी आणि खाली किती मोकळी उंची मिळते ते लिहा, म्हणजे दोन्ही स्लिंगची नेमकी लांबी सांगतो.