पिशवीतलं पाणी, टाकीतलं पाणी

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: दुकानात ठणठणीत असलेले शोभेचे मासे घरी आणल्यावर तीन-चार दिवसांत का जातात? तक्रार आहे ती निऑन, कार्डिनल, रमीनोज, अपिस्टोग्रामा अशा मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातल्या माशांची. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

बारा निऑन आणले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून मग सोडले. तिसऱ्या दिवशी सात मेले. टाकी वर्षभर जुनी, बाकीचे मासे मजेत आहेत. चूक कुठे झाली? – वाचक, मुलुंड

पिशवी तरंगत ठेवल्यानं फक्त तापमान जुळतं आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पाण्यात विरघळलेले क्षार त्यानं रतीभरही जुळत नाहीत.

मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं, म्हणजे पावसाचं. नळाच्या पाण्याला टीडीएस मीटर (एका लिटरात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) लावला तर आकडा साधारण शंभराच्या आसपास येतो. पुष्कळ दुकानदार मात्र बोअरचं पाणी वापरतात आणि रोग येऊ नये म्हणून त्यात मीठही टाकतात. तिथला आकडा चारशे, पाचशे निघाला तर नवल नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर फेकत असतात. बाहेरचे क्षार एकदम कमी झाले की आत येणारं पाणी वाढतं, शरीरातले क्षारही वाहून जातात. मासा लगेच मरत नाही. रंग फिका पडतो, तो कोपऱ्यात थांबतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जातो. म्हणूनच आपण ‘मासेच खराब होते’ म्हणून मोकळे होतो. उलट दिशेनं, कमी क्षारांतून जास्त क्षारांत जाणं माशाला त्यामानानं सोपं जातं.

तेव्हा आधी मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी मोजा. फरक पन्नासच्या आत असेल तर तापमान जुळवणं पुरे. दुकानाचं पाणी दुप्पट असेल तर थेंबाथेंबानं जुळवा. चौपट असेल तर तो फरक एका दुपारी भरून निघत नाही. पुष्कळ सोसायट्यांत फ्लशसाठी बोअरचं पाणी असतं, ते इथे उपयोगी पडतं. नळाचं १०० आणि बोअरचं ७०० असेल तर निम्मं-निम्मं मिसळून वेगळ्या टबात ४०० चं पाणी करा, मासे त्यात सोडा आणि रोज पाचवा हिस्सा काढून तेवढंच क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी घाला. पहिल्या दिवसानंतर ३४०, तिसऱ्यानंतर साधारण २५५, सातव्यानंतर १६५ च्या खाली. मग टाकी.

एक लक्षात ठेवा: हा मीटर मीठ आणि चुना वेगवेगळे दाखवत नाही. पाणी कठीण आहे की नुसतं खारट, हे जीएचच्या (पाण्याचा कठीणपणा मोजणाऱ्या) टेस्ट किटनंच कळतं.

थेंब पद्धत नेमकी कशी करायची? कुणी तीन तास सांगतं, कुणी म्हणतं जाळीनं उचला आणि लगेच सोडा. – वाचक, गिरगाव

दोघंही बरोबर आहेत. मासे पिशवीत किती वेळ होते, यावर ते ठरतं.

क्रॉफर्ड मार्केटहून तासाभरात घरी आलात तर थेंब पद्धत. मासे पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या. बादली पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात नको. एअरलाइन नळी (एअरपंपाची बारीक नळी) टाकीत सोडून पाणी ओढा, नळीला सैल गाठ मारा आणि गाठ आवळत सेकंदाला तीन थेंबांवर आणा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला नऊ मिलि. अर्धा लिटर पाणी दुप्पट व्हायला पंचावन्न मिनिटं लागतात. मग निम्मं पाणी फेकून द्या आणि आणखी तेवढाच वेळ द्या. दोन तासांत जुनं पाणी चौथा हिस्सा उरतं. शेवटी तापमान पुन्हा बघा, कारण उथळ पाणी लवकर थंड होतं. मासे जाळीनं उचला, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. कोरीडोरस या तळाशी राहणाऱ्या माशाच्या छातीच्या परांना काटे असतात, ते जाळीत अडकून तुटतात, त्यांना पेल्यानं उचला. बादलीवर झाकण हवंच, घाबरलेला टेट्रा (निऑन, कार्डिनल, रमीनोज हे सगळे टेट्राच) उडी मारतो.

कोलकात्याहून किंवा चेन्नईहून पार्सल आलं असेल, मासे चोवीस तासांपेक्षा जास्त कोंडलेले असतील, तर हीच पद्धत जीव घेते. बंद पिशवीत माशांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि साठलेला अमोनिया त्या आम्ल पाण्यात बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पंचवीस अंशांना पीएच ७ असताना त्याचा जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. त्या पाण्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडणं म्हणजे वायू अजून लवकर घालवणं. अशा वेळी विकणाऱ्याला आधीच टीडीएस आणि पीएच विचारून ठेवा, तेवढ्याच आकड्याचं पाणी टबात तयार ठेवा, बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि उघडल्याबरोबर मासे उचलून टबात सोडा. पुढचं जुळवणं टबात, वर सांगितलं तसं.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टँकर येतो, टीडीएस ६००. घरच्या आरओचं पाणी चालेल का? – वाचक, बोरिवली

चालेल, पण नुसतं नको. त्यात पीएच धरून ठेवणारं कार्बोनेट जवळजवळ नसतं, पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. आरओचं ३० असेल तर एक भाग टँकर आणि पाच भाग आरओ मिळून सव्वाशेच्या आसपास येतं, टेट्रांना ते छान. तुमच्या मशीनला मिनरलचा कार्ट्रिज किंवा चव वाढवणारा नॉब असेल तर आधी आकडा मोजा. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतंच असं धरून हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) घाला.

‘पीएच डाउन’च्या बाटल्यांच्या नादी लागू नका. कठीण पाण्यात कार्बोनेट जास्त असतं, ते आम्ल गिळून टाकतं आणि पीएच दोन दिवसांत परत वर येतो. माशाला त्या चढउताराचाच त्रास होतो. रस्त्याकडेच्या बदामाची झाडावरच वाळलेली तपकिरी पानं धुऊन, चाळीस-पन्नास लिटरला एक अशी टाकली तर पाणी चहासारखं होतं आणि मासे शांत राहतात. पण कठीण पाणी पानांनी मृदू होत नाही, हा गैरसमज फार पसरला आहे.

वन आरके मध्ये क्वारंटाइनची टाकी कुठे ठेवायची? तिची गरज असते का? – वाचक, चेंबूर

गरज असते. वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा टब ओट्याखालीही मावतो. स्पंज फिल्टर मात्र महिनाभर आधी मोठ्या टाकीत ठेवून तयार केलेला हवा, कोरा स्पंज अमोनिया खात नाही. मासे तीन-चार आठवडे ठेवा. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिमटीतल्या चिमटीएवढं कुस्करलेलं खाद्य किंवा गोठवलेलं आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव). बाजारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे नव्या माशांना नकोत. पांढरे ठिपके दिसले तर मॅलाकाइट ग्रीन या औषधाचा डोस टेट्रा आणि कोरीडोरसना निम्म्यावर आणा. मिठाचा मारा त्यांना सोसत नाही.

मे महिन्यात निऑन घ्यावेत की कार्डिनल? – वाचक, लालबाग

कार्डिनल. ते रिओ नेग्रोच्या कोमट, काळ्या पाण्यातले, २८ अंश सहज सोसतात. निऑनला २१ ते २५ बरं वाटतं, आणि मेमध्ये मुंबईत टाकीचं पाणी तिशीला टेकतं. निऑनच हवे असतील तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. आधीच असतील तर झाकण काढून जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी मात्र आरओनंच भरा, नळाचं भरत राहिलात तर वाफ जाते आणि क्षार मागे साठत जातात.