माळा रिकामा करताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इमारत पुनर्विकासाला जाणार आणि दोन महिन्यांत तीन पिढ्यांचं घर आवरायचंय, हे कळलं. काय ठेवायचं आणि काय द्यायचं, असं तू विचारलंस. त्याआधी कोणाला द्यायचं ते ठरव. घेणारा नक्की नसला की ‘द्यायचं’ म्हणून काढलेलं सामान दाराशी पडून राहतं, आणि त्यातलं रोज एकेक काहीतरी आई गुपचूप परत आत नेते.

कागद आधी. ते तपासून होईपर्यंत रद्दीवाल्याला हाक मारू नकोस. पोथ्यांची पानं, साड्यांच्या घड्या, कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्रांखालची जागा, सगळं चाळ. खरेदीखत, फेरफार, पोस्टाची सर्टिफिकेटं, कागदी शेअर अशाच ठिकाणी निघतात. ज्या शेअरचा लाभांश सलग 7 वर्षं कुणी घेतलेला नाही, ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. वारसांना अर्ज करून ते परत मागता येतात, म्हणून मूळ सर्टिफिकेट जपायचं. मोडी लिपीतलं बाड निघालं तर फाडाफाडी न करता जाणकाराला दाखव. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून याच कामासाठी आहे.

कपड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण लोक एकच गाठोडं बांधतात. घालण्याजोगे कपडे धुऊन, डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत वाऱ्यावर टाक. साडीबरोबर तिचाच ब्लाउज आणि परकर, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या, आणि पिशवीवर माप लिहिलेलं. नाहीतर घेणाऱ्या संस्थेत माणसांचे दिवस जोड्या लावण्यातच जातात. विरलेली सुती नऊवारी, धोतरं, चादरी वेगळ्या काढ. त्या गोधडी शिवणारीला हव्या असतात. ‘गूंज’सारखी संस्था सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही करते. ओलसर, बुरशी आलेला एक कपडा मात्र सगळं गाठोडं नासवतो. बोहारणीला कमी लेखू नकोस, उसवलेलं नीट करून विकायची वाट तिला ठाऊक असते. (बदल्यात मिळालेला टोप माळ्यावर जाणार नाही एवढं बघ!) जरीची जुनी साडी देण्याआधी जर चांदीची आहे का ते पारखून घे.

भांड्यांवर नावं घातलेली असतात, आणि भांडण तिथेच होतं. फोटो काढून मावश्या, काका, आत्या यांच्या ग्रुपवर टाक, आठ दिवसांची मुदत दे. कुणी मागितलं नाही तरच बाहेर काढ, आणि आई-बाबा घरात असतानाच. मोठी पितळी पातेली मोडीत घालण्याआधी गावच्या देवळात विचार, सप्ताहाच्या स्वयंपाकाला लागतात. आतून कल्हई करून, झाकणासकट दे. कुकर देताना शिट्टी साफ कर, रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे घाल.

आजोबांचा वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची रुग्णसाहित्य केंद्राकडे. चाकं, ब्रेक, रबरी बूच आधी बघ. उरलेली औषधं कुणालाही द्यायची नाहीत.

फर्निचर ‘नेतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण टेम्पो आणि हमाली ऐकून गळतात. लांबी, रुंदी, उंची, मजला, लिफ्ट आहे की नाही हे पहिल्याच निरोपात लिही. जमलं तर हमाली तू भर. कपाट सुटं होत असेल तर स्क्रू पिशवीत घालून दारालाच चिकटव.

जुना फोन देताना आधी गूगल खातं काढ, मग रिसेट मार. उलट केलंस तर नव्या माणसाकडे तो जुनंच खातं मागत बसतो. फुगलेली बॅटरी असलेला फोन कुणालाच नको, तो ई-कचऱ्यात.

आणि गॅसचं जास्तीचं सिलिंडर शेजाऱ्याला देऊन टाकू नकोस. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे. जोडणीची पावती शोध, एजन्सीत दोन्ही जमा कर. अनामत परत मिळते.

कळावे.