पटलंच पाहिजे?

"मॅडम, मी पुरावे देतो आणि घरचे चिडतात. माझं चुकतं कुठं?" देव न मानणारी तरुण मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक हीच तक्रार घेऊन. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एवढंही बोलायचं नाही का, हा पुढचा सवाल. बोलायचं की! विवेकवादी गोविंद पानसरेंवर २०१५ मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. गप्प बसा, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

गोकुळ शिरगावच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा (ओळख बदलली आहे). आई माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायची, म्हणजे डोंगरावर देवाला चालत जायची; अनवाणी, सुजलेल्या गुडघ्यांनी. यानं 'देव दाखव' म्हणून वाद घातला. दोघांचं बोलणं बंद.

"आईनं काय करावं?" मी विचारलं.

"देव नाही हे मान्य करावं."

"मान्य करून, सवयीनं चालतच गेली तर?"

"असं कसं? गुडघे जातील तिचे!"

"आणि देव मानत राहिली, पण गुडघे डॉक्टरांना दाखवले तर?"

बराच वेळ तो बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "चालेल."

इतक्या भांडणांत गुडघ्यांचं नाव त्यानं आईसमोर एकदाही काढलं नव्हतं. मी त्याला एवढंच सुचवलं, की खेटे कधीपासून, कशासाठी, ते विचार; आणि उत्तर खोडू नकोस.

हा जन्मला तेव्हा अपुऱ्या दिवसांचा, सीपीआर या सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. आई म्हणाली, "तू काचंपलीकडं. हात लावू देईनात. मोकळ्या हातांनी काय करू? जोडलं."

"वाचवलं डॉक्टरांनीच, हे ओठांवर आलं होतं," तो मला म्हणाला. "पण ते तिला ठाऊकच होतं."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. एलिस स्वतः नास्तिक. तरी त्यांचं बोट श्रद्धेपेक्षा हट्टावर जास्त असे. 'आईला पटलं तर बरं' ही इच्छा. 'पटलंच पाहिजे' म्हटलं, की तिच्या प्रत्येक नकाराचा संताप येतो, आणि संतापलेल्या तोंडचा पुरावा समोरच्याला शिवीसारखा लागतो. हा फरक मुलांना स्वतःच्या तोंडून सापडावा, यासाठी मी थांबते. घाई केली नाही, तर सापडतो.

अडून कुठं बसायचं? औषध बंद करून अंगारा चालला असेल, बाबा पैसे उकळत असेल, भूत उतरवायला मारहाण होत असेल, तर तिथं माघार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हाताशी आहे. आरतीला उभं राहायचं नसेल, तर तेही शांतपणे सांगावं. पाहुण्यांपुढं आईची परीक्षा मात्र घेऊ नये.

गुडघ्यांचा एक्स-रे झाला. पुढच्या माघात आई एसटीनं डोंगरावर गेली, तिकीट यानंच काढलं. देव आहे की नाही यावर दोघं अजून भांडतात. आता जेवता जेवता.