हेडलाइट बदलण्याआधी हे कर

मित्रा, ताम्हिणी घाटात रात्री रस्ता दिसला नाही म्हणून लगेच एलईडी बल्ब मागवू नकोस. आधी काच आणि रिफ्लेक्टर (बल्बमागचा आरशासारखा चकचकीत भाग) तपास. माझ्या जुन्या गाडीचा रिफ्लेक्टर काळवंडला होता. तो बदलला आणि त्याच बल्बचा उजेड कितीतरी वाढला.

मग सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी कर आणि सीटवर बस. लो बीम (जवळचा, खालचा झोत) हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडायला हवा. मागे कुणी बसलं की तो वर उचलला जातो, हे विसरू नकोस.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- ६०/५५ वॅटच्या (हाय बीम/लो बीम) बल्बच्या जागी १००/९० चा बल्ब. होल्डर वितळतो.
- हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी. उजेड विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात.

रिले (हेडलाइटला थेट बॅटरीतून वीज देणारा स्विच), फॉगलॅम्पचं नंतर बोलू. भिंतीवर उजेड कसा पडतो ते कळव.