प्रश्न: किडनीच्या रुग्णाने दूध-अंडी सोडून फक्त वनस्पतीजन्य आहार घेतला तर चालतो का? डाळी बंद कराव्या लागतात का?

चालतो. पण झाडाचं ते सगळं निर्धोक, या समजुतीत राहू नका.

मामंजींचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढून ३.२ निघालं तेव्हा घरात मटण-मासे नव्हतेच, मग सगळ्यांचा रोख माझ्या वरणावर. नणंदेचं फोनवरून फर्मान, "वहिनी, डाळ म्हणजे विष त्यांना." दोन महिने बिचारे भात आणि दुधीची अळणी भाजी जेवले. सदरे अंगावर लोंबायला लागले. हळूच म्हणायचे, "घोटभर आमटी दे गं, कोणाला सांगू नको." आणि धाकटे भावोजी रोज सकाळी दोन शहाळी घेऊन हजर. नैसर्गिक ना! बीपीसाठी लो सोडियम मीठही त्यांनीच आणलेलं. एका रात्री मामंजींना पायच उचलेना. रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं, ईसीजी बिघडलेला, दोन रात्री आयसीयू. डॉक्टरांनी काय खातात विचारलं, तर भावोजी म्हणतात, "वहिनी डाळ देत असतील."

शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. त्या मिठात सोडियम कमी करून घातलेलं असतं तेही पोटॅशियमच. उलट डाळीत ज्याची भीती घालतात तो फॉस्फरस फायटेटमध्ये (डाळीतलाच एक पदार्थ) अडकलेला, निम्म्याहून कमी अंगी लागतो. पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. डाळ मोजायची, बंद करायची नाही. २०२० च्या अमेरिकन केडोकी (KDOQI) या किडनी-आहाराच्या मार्गदर्शिकेत, मधुमेह आणि डायलिसिस नसलेल्या किडनीच्या रुग्णांना वजनाच्या किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. मामंजी ५८ किलोंचे, म्हणजे दिवसाला ३२ ते ३५ ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यात रोजचं वाटीभर वरण बसवून दिलं. ते मी सगळ्यांसमोर वाढलं.

पोटॅशियम वाढलेलं असेल तरच बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. आपल्या मनाने सगळ्या भाज्या बंद करू नका, शरीरातलं आम्ल त्यांनीच कमी होतं. करमळ, म्हणजे स्टार फ्रूट, मात्र चाखायलाही नको. किडनी अधू असेल तर ते मेंदूवर जातं.

हो, डायलिसिस सुरू असेल तर हिशोब उलटा, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. आणि दुधाचं म्हणाल तर मामंजींचा चहा आम्ही कधी बंद केला नाही, त्यामुळे दुधाशिवायचा घरचा अनुभव माझ्याकडे नाही. शहाळी अजून येतात. मी पिते.