तळपायाचा काळा डाग अन् एन्झाइम

प्रश्न: डॉक्टरसाहेब, बाबांच्या तळपायाले काळा डाग हाय, वाटलं पऱ्हाटीचं धसकट रुतलं असन, पण तो पसरून राह्यला. नागपूरचे डॉक्टर म्हणले मेलानोमा हाय, एन्झाइममुळं पसरते. म्हणजे काय?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, मेलानोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, अन् एन्झाइम म्हणजे शरीरातल्या क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. कातडीच्या वरच्या थराखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा पातळ पडदा असतो, वावराच्या धुऱ्यासारखा समजा, कॅन्सरच्या पेशी एमएमपी-२, एमएमपी-९ असे कोलॅजेन कापणारे एन्झाइम वापरून तो तोडतात अन् मग रक्तात, जांघेतल्या लसिका गाठींत (लिम्फ नोड) शिरतात. तसे हे एन्झाइम वाईट नाहीत, जखम भरायलाही लागतात. म्हणूनच त्यांना रोखायची औषधं फसली, १९९० च्या दशकात करून पाहिली तर लोकांचे सांधेच धरले. आज खरा इलाज लवकर ऑपरेशन. बायोप्सीत, म्हणजे डागाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, त्याची जाडी किती मिलिमीटर आली ते विचारा, जांघेत गाठ लागते का तेही तपासून घ्या. अन् डागावर बिब्बा अजिबात लावू नका बरं!